अडीच मिनिटांचा हिरवा उजेड

मधुमेहाने डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्तस्राव होऊ लागला की जो लेझर मारतात, त्याचं जुनं आणि सर्वमान्य माप असं: १२०० ते १६०० ठिपके, प्रत्येक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, प्रत्येकाला ०.१ सेकंद. १५०० धरून गुणाकार केला तर डोळ्यात जाणारा सगळा उजेड भरतो १५० सेकंदांचा. अडीच मिनिटं. एवढ्यात चहाला नीट उकळीसुद्धा येत नाही.

आता क्षेत्रफळ. अर्ध्या मिलिमीटर व्यासाच्या एका ठिपक्याचं सुमारे ०.२ चौरस मिलिमीटर, म्हणजे १५०० ठिपक्यांचं जवळजवळ ३००. हल्लीचं एक रुपयाचं छोटं नाणं साधारण तेवढंच भरतं. माणसाचा अख्खा पडदा अंदाजे ११०० चौरस मिलिमीटरचा. याचा अर्थ, डॉक्टर पडद्याचा चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग ठरवून भाजतात, आणि आपण बाहेर येऊन त्यांचे आभार मानतो.

हा हिशोब मी केला तो मामांमुळे. मामा नोकरीसाठी जयपूरला गेले आणि तिथलेच झाले. तिलक नगरात राहतात. एका सकाळी त्यांचा फोन आला. "अगं, उजव्या डोळ्यात कोळिष्टक आलंय. पाणी मारून पाहिलं, जात नाही." दुपारपर्यंत कोळिष्टकाचा धूर झाला होता. घरात सगळ्यांनी मोतीबिंदू ठरवून टाकला. मोतीबिंदू असा एका सकाळीत येत नाही, पण ते आम्हाला नंतर कळलं.

मामांचा मधुमेह सतरा वर्षांचा. डोळे दरवर्षी तपासतो, हे ते छातीठोकपणे सांगत. खोदून विचारलं तेव्हा उलगडा झाला: दरवर्षी ते चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर काढून घेत होते. बाहुली मोठी करायचे थेंब सतरा वर्षांत एकदाही त्यांच्या डोळ्यात पडले नव्हते. नंबर तपासणं आणि पडदा तपासणं या दोन गोष्टींमध्ये पाणी तपासणं आणि विहीर तपासणं एवढा फरक आहे. नंबर अगदी बरोबर असलेल्या, ६/६ दिसणाऱ्या डोळ्याच्या मागेही पडदा कुजत असू शकतो.

असे मामा देशात किती? आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली आले. त्यानुसार २०२१ मध्ये भारतात मधुमेही १०.१ कोटी होते, म्हणजे ११.४ टक्के. सगळ्यांत वर आपला शेजारी गोवा, २६.४ टक्के, सगळ्यांत खाली उत्तर प्रदेश, ४.८ टक्के. यातल्या किती जणांच्या पडद्यापर्यंत मधुमेह पोहोचला, हे स्मार्ट इंडिया नावाच्या अभ्यासात मोजलं गेलं. दहा राज्यं आणि एक केंद्रशासित प्रदेश, चाळिशी गाठलेली किंवा ओलांडलेली ४२,१४७ माणसं. त्यांतल्या मधुमेह्यांपैकी १२.५ टक्क्यांच्या पडद्यावर विकार सापडला आणि ४ टक्क्यांचा विकार दृष्टीला धोका असण्याइतका पुढे गेलेला होता. चार टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. देशभराचा हिशोब मांडल्यावर ती सुमारे ३० लाख माणसं होतात.

मुंबईचा आकडा वेगळा आहे. आदित्य ज्योत संस्थेच्या अभ्यासकांनी मुंबईच्या सात वॉर्डांतल्या झोपडपट्ट्यांमध्ये चाळीस आणि त्यापुढच्या वयाच्या ६,५६९ जणांची तपासणी केली. तिथल्या मधुमेह्यांत पडद्याच्या विकाराचं प्रमाण १५.३७ टक्के निघालं. ज्यांचा मधुमेह अकरा वर्षांपेक्षा जुना, त्यांना धोका कितीतरी पट. पण मला सगळ्यांत बोचलेला आकडा २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय पाहणीतला आहे. आपल्याला मधुमेह आहे हे ज्यांना माहीत होतं, त्यांपैकी सुमारे ९० टक्के लोकांनी पडद्याची तपासणी कधीच करून घेतलेली नव्हती. मामा अपवाद नव्हते, सरासरी होते.

आता हा रक्तस्राव होतो कसा आणि त्यावर भाजणं हा उपाय कसा, ते पाहू. बहुतेकांची समजूत अशी असते की लेझरने फुटलेली रक्तवाहिनी डाग देऊन बंद करतात. या लेझरमध्ये तसं काही करत नाहीत. जिथून रक्त येतं तिथे नेमच धरत नाहीत.

साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की पडद्यातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. काही झिरपतात, त्याने सूज येते. काही बंद पडतात. बंद पडलेल्या भागाला प्राणवायू मिळेनासा होतो आणि तो ओरड करू लागतो. ही ओरड म्हणजे व्हीईजीएफ नावाचं प्रथिन. त्याच्या हाकेला ओ देऊन नव्या रक्तवाहिन्या फुटतात, पण त्या घाईत बांधलेल्या झोपड्यांसारख्या असतात. कच्च्या, आणि भलत्या जागी. डोळ्यातल्या पारदर्शक गराला चिकटून त्या वाढतात. तो गर जरा आकसला, ओढ बसली, की फुटतात. त्यासाठी वजन उचलायला लागत नाही. झोपेतसुद्धा होतं.

पाणी आटलं की मोसंबीचा बागायतदार कडेची झाडं सोडतो आणि उरलेलं पाणी मधल्या झाडांना देतो. लेझर तेच करतो. पडद्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी प्राणवायूच्या बाबतीत महाखादाड असतात. कडेकडेच्या अशा पेशी जाळल्या की मागणी घटते, त्याखालच्या थरातला प्राणवायू आत झिरपायला वाट मिळते आणि ओरड शांत होते. हे नुसतं तर्काचं राहिलेलं नाही. १९९४ मध्ये डोळ्यातल्या द्रवाचे नमुने तपासले गेले, तेव्हा लेझर यशस्वी झालेल्या डोळ्यांत व्हीईजीएफचं प्रमाण ७५ टक्क्यांनी उतरलेलं आढळलं. मधला भाग, ज्याने आपण वाचतो आणि माणसं ओळखतो, तो मात्र हात न लावता सोडतात.

गंमत म्हणजे लेझर आधी आला आणि हे कारण नंतर कळलं. सुरुवात झाली ती ग्रहणापासून. ९ जुलै १९४५ चं सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहिलेल्या एका विद्यार्थ्याच्या पडद्यावर भाजल्याचा व्रण जर्मनीतल्या गेर्ड मायर-श्विकेराथ या नेत्रतज्ज्ञाने पाहिला. आपल्याकडे आजीने असा व्रण पाहिला असता तर ग्रहण बघू नये या नियमाला एक पुरावा जोडला असता. या गृहस्थाने उलटा विचार केला: उजेड पडदा जाळू शकतो, तर हवा तिथे का जाळू नये? त्याने आरशांनी ऊन आत घेऊन रुग्णांवर उपचार केले. ढग आले की दवाखाना बंद. मग झेनॉनचा दिवा आला, १९६० मध्ये पहिला लेझर आणि १९६८ पासून डोळ्यासाठी आर्गॉनचा निळा-हिरवा लेझर.

खरा निकाल लागला १९७६ साली. अमेरिकेत १७०० हून अधिक मधुमेह्यांवर एक मोठी चाचणी चालू होती. तिची मांडणी मला फार आवडते. प्रत्येक माणसाचा एक डोळा लेझरला दिला, दुसरा तसाच ठेवला. साखर तीच, रक्तदाब तोच, माणूस तोच. फरक फक्त लेझरचा. दोन वर्षांनी लेझर न केलेल्या डोळ्यांपैकी १६.३ टक्के जवळजवळ आंधळे झाले होते. केलेल्यांपैकी ६.४ टक्के. ज्या डोळ्यांत नव्या रक्तवाहिन्या जास्त फोफावल्या होत्या किंवा रक्तस्राव झाला होता, तिथे हेच प्रमाण २६ आणि ११ असं निघालं. फरक इतका ढळढळीत होता की चाचणीचे नियम मध्येच बदलून, मोकळे ठेवलेले धोक्याचे डोळेही लेझरला घेतले गेले.

हे २६ आणि ११ जरा वेळ समोर ठेवा. शंभर डोळ्यांतले पंधरा वाचले. अकरा तरीही गेले. "आमच्या शेजाऱ्यांनी लेझर केलं आणि त्यांचा डोळा गेला" ही गोष्ट प्रत्येक गल्लीत ऐकू येते आणि ती खोटी नसते. ती त्या अकरातली असते. जे पंधरा वाचले त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण त्यांच्या बाबतीत काही घडलंच नाही.

१९७६ हेच साल आपल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाच्या सुरुवातीचंही. तेव्हा आणि नंतरही आपलं सगळं लक्ष मोतीबिंदूवर राहिलं, आणि आकड्यांकडे पाहता ते चूक म्हणता येत नाही. २०१५ ते २०१९ च्या पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधांपैकी ६६.२ टक्के मोतीबिंदूचे होते आणि मधुमेही पडद्याचे अवघे १.२ टक्के. फक्त हे दोन आकडे एकाच मापाचे नाहीत. मोतीबिंदूचा आंधळा शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी नातवाचा चेहरा पाहतो. पडद्याच्या १.२ टक्क्यांतलं फारसं कुणी परत येत नाही. इंग्लंडने २००३ पासून मधुमेह्यांच्या पडद्याचे दरवर्षी फोटो काढायला सुरुवात केली. २००९-१० मध्ये, पन्नास वर्षांत पहिल्यांदा, कामाच्या वयातल्या लोकांच्या अंधत्वाचं पहिलं कारण मधुमेह राहिला नाही. त्याची जागा आनुवंशिक विकारांनी घेतली. मधुमेही तिथे कमी झाले नव्हते, वाढलेच होते.

तर मामा. उजव्या डोळ्यात इतकं रक्त पसरलं होतं की लेझरचा उजेड पडद्यापर्यंत पोहोचणंच शक्य नव्हतं. सोनोग्राफी करून पडदा सुटलेला नाही याची खात्री केली, उशी उंच घेऊन झोपायला सांगितलं आणि रक्त खाली बसायची वाट पाहायची ठरली. लेझर मारायचा ठरला तो डाव्या डोळ्याला. त्या डोळ्याने मामा वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती वाचत होते.

"ज्या डोळ्यानं दिसतंय तोच भाजायचा?" मामा फोनवर जवळजवळ ओरडलेच.

"मामा, तुम्ही डॉक्टरांना विचारलंत का, तिथे नव्या रक्तवाहिन्या आहेत का?"

"आहेत म्हणाले. पण अजून फुटल्या नाहीत ना!"

एवढ्या एका वाक्यात आपला सगळा घोळ आहे. फुटल्यावर जायचं, ही आपली रीत. मग मी त्यांना ते २६ आणि ११ वाचून दाखवले. मामांची हयात बँकेत गेलेली. आकडा समोर आला की ते गप्प होतात.

पहिल्या सिटिंगला मी जयपूरला गेले होते, म्हणून हे जवळून पाहिलं. आधी बाहुली मोठी करायचे थेंब, दर दहा मिनिटांनी, चुरचुरणारे. मग बधिर करायचा एक थेंब. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं. डॉक्टरांनी एक भिंग घेतलं, त्यात जेलचा गोळा घातला आणि ते थेट बुबुळावर टेकवलं. "समोर बघा, हलायचं नाही." पायाखालच्या पेडलचा टक्, मामांच्या गालावर हिरवा झोत, पुन्हा टक्. पन्नासेक झाले आणि मामांचा हात खुर्चीच्या कडेवर आवळला गेला. सगळे ठिपके सारखे दुखत नाहीत. घड्याळाच्या तीन आणि नऊच्या बाजूला डोळ्याच्या लांब नसा जातात. तिथला ठिपका सुई टोचल्यासारखा लागतो. अडीच मिनिटांचा उजेड, पण खुर्चीत वीस-पंचवीस मिनिटं, आणि तेही दोन-तीन सिटिंगमध्ये विभागून. उठल्यावर मामांना सगळी खोली जांभळट दिसत होती. संध्याकाळपर्यंत डोकं दुखलं, रात्री गोळी घेऊन झोपले.

नव्या यंत्रांनी हे सोपं केलंय. एका दाबात ठिपक्यांची अख्खी रांगोळी उमटते आणि एकेक ठिपका ०.०२ सेकंदांचा. १५०० ठिपके म्हणजे ३० सेकंद. पण एवढ्या कमी वेळात ठिपका लहान उमटतो, त्यामुळे संख्या वाढवावी लागते.

लेझरची किंमत काय मोजावी लागते, तेही मोकळेपणाने सांगायला हवं. कडेची नजर थोडी आकुंचते. अंधारात चाचपडणं वाढतं. मामांनी रात्री गाडी चालवणं सोडलं. मधल्या भागावरची सूज काही काळ वाढू शकते. आणि गेलेली नजर लेझरने परत येत नाही. आहे ती टिकवण्यासाठी तो असतो, हे आधी न सांगितल्यामुळे कितीतरी रुग्ण फसवल्याच्या भावनेने घरी जातात.

मग इंजेक्शन का नको? आजकाल प्रत्येक जण हे विचारतो. डोळ्यात सुई म्हटल्यावर अंगावर काटा येतो, पण औषध नामी आहे: ते थेट व्हीईजीएफची ओरड बंद करतं आणि काही जाळत नाही. अमेरिकेत ३०५ जणांच्या ३९४ डोळ्यांवर दोन्हींची तुलना झाली. दोन वर्षांनी इंजेक्शनवाल्यांना तक्त्यावरची सरासरी २.८ अक्षरं जास्त दिसत होती, लेझरवाल्यांना ०.२. पाच वर्षांनी ३.१ आणि ३.०, म्हणजे बरोबरी. यात लेझरवाल्यांनाही मधल्या सुजेसाठी इंजेक्शन द्यायची मुभा होती, हे लक्षात ठेवायला हवं. इंजेक्शनवाल्यांना पाच वर्षांत सरासरी १९ सुया लागल्या. आणि एवढ्या काटेकोर चाचणीतसुद्धा, मृत्यू वगळून, पाच वर्षं टिकले ते ६६ टक्के. तिसरा हिस्सा वाटेत गळाला.

गळालेल्यांचं काय होतं? फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांनी सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ न फिरकलेल्या रुग्णांचे ७६ डोळे तपासले. ३० डोळ्यांना फक्त इंजेक्शन मिळालेलं, ४६ ना लेझर. इंजेक्शनवाल्यांपैकी १० डोळ्यांचा पडदा ओढला जाऊन सुटला होता. लेझरवाल्यांपैकी एकाचा. इंजेक्शनचा असर उतरतो, ओरड पुन्हा सुरू होते. जाळलेली पेशी पुन्हा प्राणवायू मागायला येत नाही.

मी डॉक्टर नाही, पण हे आकडे वाचून माझं मत पक्कं झालं आहे. ज्याच्या घरी दर महिन्याला गाडी काढून नेणारं कुणी आहे, ज्याच्या खिशाला सुया परवडतात आणि ज्याची तारीख चुकत नाही, त्याने डॉक्टरांशी इंजेक्शनचं जरूर बोलावं. पण ज्याच्या घरी पेरणी आली, लेकीचं बाळंतपण आलं, एसटीचा संप झाला की पहिली रद्द होते ती आपली तपासणी, त्याच्यासाठी लेझर. आपल्याकडे हा दुसरा माणूस कितीतरी पटींनी जास्त भेटतो. नवं तंत्र नाही म्हणून लेझरला नाक मुरडणाऱ्यांनी ते १० आणि १ एकदा पाहावेत.

मामांच्या उजव्या डोळ्यातलं रक्त दोन महिन्यांत बरंचसं विरलं आणि तिथेही लेझर झाला. विरलं नसतं तर व्हिट्रेक्टमी, म्हणजे बारीक छिद्रांतून डोळ्यातला रक्ताळलेला गर काढून टाकण्याची शस्त्रक्रिया. ती रॉबर्ट माकेमर यांनी १९७० च्या सुमारास आणली. अशा रक्तस्रावात आधी इंजेक्शन की आधी शस्त्रक्रिया, याची २०२० मध्ये २०५ डोळ्यांवर तुलना प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांच्या सरासरीत फार फरक नव्हता. शस्त्रक्रियेने लवकर दिसू लागलं, एवढंच. आज उजव्या डोळ्याने मामा मथळे वाचतात, मजकूर नाही. डावा डोळा अजून जाहिराती वाचतो.

या सगळ्याच्या आधीचा आकडा ब्रिटनमधल्या १९९८ च्या अभ्यासात आहे. नव्याने मधुमेह झालेले ३,८६७ लोक, दहा वर्षं. तीन महिन्यांची साखरेची सरासरी एका गटात ७.० आणि दुसऱ्यात ७.९. एवढ्याशा फरकाने बारीक रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी घटले, आणि त्या घटीतला सर्वांत मोठा वाटा होता तो लेझरची गरज न पडलेल्यांचा. रक्तदाब आटोक्यात ठेवलेल्यांत तर पडद्याची घसरण ३४ टक्क्यांनी कमी झाली.

आणि तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयातच जायला हवं असंही राहिलेलं नाही. मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांमध्ये मोबाइलला जोडलेल्या कॅमेऱ्याने आणि इंटरनेटशिवाय चालणाऱ्या संगणकीय प्रणालीने २१३ मधुमेह्यांचे पडदे पाहिले गेले. निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. तज्ज्ञांकडे पाठवायलाच हवेत असे सगळेच्या सगळे रुग्ण तिने पकडले, एकही सुटला नाही. ज्यांना तशी गरज नव्हती त्यांतल्याही काहींना, शंभरात साधारण बारांना, उगाच हेलपाटा पडला असता. पकडायचे होते तेच मुळात पंधराच्या आसपास, त्यामुळे शंभर टक्क्यांवर फार हुरळून जाऊ नये. पण तंत्र चाळीत, वस्तीत पोहोचू शकतं, एवढं दिसलं.

मधुमेह कळला त्याच वर्षी, आणि मग दरवर्षी एकदा, पडदा दाखवा. दवाखान्यात "डोळे तपासायचेत" म्हणू नका. "बाहुली मोठी करून पडदा बघायचाय" असं सांगा. जाताना बरोबर कुणाला तरी न्या आणि गॉगल ठेवा. थेंब घातल्यावर चार ते सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन डोळ्यात खुपतं, तेव्हा स्कूटर घरीच राहू द्या.